चेंडू दुसरीकडे गेला, तेव्हा तो काय करत होता?

गेल्या अंकात मी अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टबद्दल ओझरतं लिहिलं होतं. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच जागेच्या खेळाडूबद्दल आहेत : वाइड रिसीव्हर. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की ड्राफ्ट म्हणजे एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ३२ संघांनी कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू ओळीने निवडायचे. एकूण सात फेऱ्या होतात आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाची पाळी आधी येते. रिसीव्हर म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहणारा, ठरलेल्या मार्गाने धावून क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमणाच्या सूत्रधाराने, फेकलेला चेंडू झेलणारा गडी. त्या मार्गाला रूट म्हणतात आणि रिसीव्हरला अडवणाऱ्याला कॉर्नरबॅक.

प्रश्न : काका, नमस्कार. मी इंजिनीयरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही चार मित्र रविवारी रात्री जागून एनएफएल बघतो. २०२० च्या ड्राफ्टमध्ये जस्टिन जेफरसनच्या आधी चार रिसीव्हर निवडले गेले होते हे वाचून चक्रावलो. एवढे पगारी जाणकार, एवढी फिल्म, तरी असं कसं होतं? आणि कॉलेजचा रिसीव्हर बघताना नक्की बघायचं काय? (एक विद्यार्थी, पुणे)

आधी तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

मी मिरजेला शाळेत असताना खो-खो खेळायचो. आमचे सर पळणाऱ्या गड्याला सांगायचे, ‘पाठलाग करणाऱ्याचे पाय बघू नकोस, खांदे बघ.’ कारण खो-खोत त्याचे खांदे ज्या बाजूला वळले ती त्याची दिशा ठरली, मग त्याला मागे फिरता येत नाही. १९९६ साली मी अमेरिकेत सिनसिनाटीला आलो. पुढे मुलाच्या हायस्कूलच्या संघासाठी ११ हंगाम शुक्रवारच्या सामन्यांची फिल्म बघून नोंदी करायचं काम हौसेने केलं. पहिल्याच आठवड्यात बचावाचे प्रशिक्षक कॉर्नरबॅकच्या पोरांना शिकवताना दिसले, आणि त्यांचं सांगणं सरांच्या अगदी उलट होतं : डोकं बघू नका, खांदे बघू नका, कंबर बघा. डोकं आणि खांदे हूल देतात. कंबर जिकडे वळली तिकडेच माणूस जातो. त्या दिवसापासून मी रिसीव्हरला कमरेपासून खाली बघतो, आणि तुलाही तेच सांगेन.

खेळ सुरू झाल्यावर पहिलं दीड सेकंद सगळ्यांत मोलाचं. समोर अगदी हाताच्या अंतरावर कॉर्नरबॅक उभा असतो. तो ढकलतो, हात मारतो, धावण्याची लय मोडतो. याला प्रेस म्हणतात, आणि त्यातून निसटण्याला रिलीज. कॉलेजात बरेच संघ कॉर्नरबॅकला सहा-सात यार्ड मागे ठेवतात, त्यामुळे काही रिसीव्हर कॉलेजची सगळी वर्षं फारसे न अडखळता धावतात. म्हणून मी फिल्ममधून प्रेसचे प्रसंग आधी वेचून काढतो. पन्नासात पाच सापडले तरी पुरतात. मुलगा पहिलं पाऊल मागे टाकतो का? जागच्या जागी पाय नाचवत वेळ घालवतो, की एकाच हुलकावणीत समोरच्याची कंबर फिरवून त्याच्या खांद्याला घासून पुढे जातो? आणि पुढे गेल्यावर पुन्हा त्याच्याच वाटेत येतो का? हे शेवटचं फार कमी जण बघतात. चांगला रिसीव्हर अडवणाऱ्याला मागे टाकून नुसता पळत नाही, त्याला स्वतःच्या पाठीवर घेतो. मग चेंडू जरा आखूड पडला तरी कॉर्नरबॅकला त्याच्या अंगावरून हात घालावा लागतो.

त्यानंतर थांबण्याची आणि वळण्याची कला. कर्ल हा साधा रूट घे : बारा यार्ड सरळ धावायचं, थांबायचं, क्वार्टरबॅककडे वळायचं. कच्चा मुलगा थांबायच्या दोन-तीन यार्ड आधीच ताठ होतो, छाती वर येते, पावलं बारीक पडतात. कॉर्नरबॅकला तेवढी सूचना पुरते. तयार मुलगा शेवटच्या क्षणापर्यंत थेट खोलवर जाणार असाच धावतो, मग कंबर खाली बसवतो आणि दोन पावलांत थांबतो. हा गुण बघताना मला आजही शाळेचं मैदान आठवतं. खांबाजवळ येईपर्यंत कोणत्या बाजूने जाणार हे कळू न देणारा गडी आणि हा रिसीव्हर यांची जात एकच.

हातांबद्दल लोक फार बोलतात, पण ते ‘किती सुटले’ एवढंच मोजतात. मी सुटलेला चेंडू कसा सुटला ते लिहून ठेवायचो. झेलायच्या आधीच पुढे पळायला मान वळली आणि चेंडू सुटला, तर ती घाई आहे, ती जाते. पण प्रत्येक चेंडू छातीवर घेणारा, हात शरीरापासून लांब न नेणारा मुलगा असेल तर ती सवय आहे, आणि ती विशीनंतर मोडणं जड जातं. खोल फेकीवर आणखी एक बारकावा बघ. हात किती उशिरा वर येतात? कॉर्नरबॅकची पाठ चेंडूकडे असते, त्याला चेंडू आल्याची खूण रिसीव्हरच्या हातांवरूनच मिळते. हात शेवटच्या क्षणी वर नेणारा मुलगा ती खूण देतच नाही.

माझ्या वहीत सगळ्यात रुंद रकाना मात्र ‘चेंडू दुसरीकडे’ हा असायचा. एका सामन्यात रिसीव्हर तीस-चाळीस रूट धावतो आणि चेंडू त्याच्याकडे सात-आठ वेळा येतो. उरलेल्या वेळी तो काय करतो? जोर लावून धावतो, की चालत निघतो? धावणाऱ्या खेळाडूसाठी समोरच्याला अडवतो का? तो मोकळा होता आणि क्वार्टरबॅकने बघितलंच नाही, असं किती वेळा झालं? आकड्यांत यातलं काही दिसत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे घरी बघणाऱ्याची अडचण होते हे खरं. पण खेळ सुरू होताना पहिलं दीड सेकंद कडेचा रिसीव्हर पडद्यावर बहुतेक वेळा असतो. एका सामन्यात चेंडूवरची नजर काढ, एकाच मुलावर ठेव. पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटेल. तिसऱ्या सामन्यापर्यंत तुला जे दिसेल ते समालोचकालाही सांगता येणार नाही.

आता जेफरसन. २०१९ साली एलएसयू या लुइझियानाच्या विद्यापीठाकडून त्याने १११ झेल आणि १,५४० यार्ड केले (झेल घेऊन पुढे नेलेलं अंतर यार्डांत मोजतात), पण बहुतेक वेळा तो स्लॉटमध्ये, म्हणजे मैदानाच्या आतल्या बाजूला उभा असायचा. तिथे प्रेस कमी, मोकळी जागा जास्त. त्यामुळे ‘बाहेरच्या बाजूला याचा टिकाव लागेल का’ ही शंका संघांनी घेतली. शंका चुकीची नव्हती. पण त्याचं उत्तर २०१८ च्या फिल्ममध्ये होतं, जेव्हा तो बाहेर उभा राहून ८७५ यार्ड करत होता. हेन्री रग्स १२ व्या, जेरी ज्यूडी १५ व्या, सीडी लॅम १७ व्या, जेलन रेगर २१ व्या क्रमांकावर गेले, आणि २२ व्यावर मिनेसोटाने जेफरसनला घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने १,४०० यार्ड केले. जाणकारांनी फिल्म बघितली नाही असं मी म्हणणार नाही. माझं मत असं, की त्यांनी ‘हा कुठे उभा राहतो’ याला वजन दिलं आणि ‘हा कसा सुटतो’ याला कमी दिलं. सुटण्याची कला आतल्या बाजूला असो वा बाहेरच्या, पाय तेच असतात.

उलट बाजूही सांगायला हवी. २०१९ चा डीके मेटकाफ २२८ पौंडांचा, आणि ४० यार्ड ४.३३ सेकंदांत धावला. पण तीन शंकूंभोवती वळत धावायच्या चाचणीत त्याला ७.३८ सेकंद लागले. टॉम ब्रेडी, जो क्वार्टरबॅक होता आणि धावण्यासाठी कधीच ओळखला गेला नाही, त्याने २००० साली तीच चाचणी ७.२० सेकंदांत केली होती. संघ बिचकले आणि मेटकाफ ६४ व्या क्रमांकापर्यंत घसरला. दुसऱ्याच हंगामात सिअ‍ॅटलसाठी त्याने १,३०३ यार्ड केले. त्याच्याकडून अचानक वळण्याची अपेक्षा करण्यापेक्षा सरळ खोलवर धावणं आणि अंगाच्या जोरावर चेंडू मिळवणं हे करून घेण्यात शहाणपण होतं. म्हणून मुलाला काय येत नाही याची यादी करताना दुसरा रकाना ठेव : आपला संघ याला काय करायला लावणार आहे?

प्रश्न : मी एडिसन, न्यू जर्सी इथे राहतो. माझ्या सहकाऱ्यांबरोबरच्या पैजेत मी दर वर्षी कॉलेजात सर्वांत जास्त यार्ड करणारा रिसीव्हर निवडतो आणि दर वर्षी फसतो. कॉलेजचे आकडे एवढे फसवे का? मैदान तर दोन्हीकडे तेवढंच. (एक वाचक)

मैदानाची लांबी-रुंदी तेवढीच, पण आतल्या रेषा वेगळ्या. खेळ जिथून सुरू होतो त्या दोन तुटक रेषांमधलं अंतर कॉलेजात ४० फूट आहे, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंच. म्हणजे कॉलेजात चेंडू एका बाजूच्या रेषेवर असला की दुसऱ्या बाजूला भलंमोठं अंगण मोकळं राहतं, आणि तिकडचा रिसीव्हर त्यात ऐसपैस फिरतो. शिवाय कॉलेजात पुढे फेक होत असताना आक्रमणाचे लाइनमन, म्हणजे क्वार्टरबॅकपुढे भिंतीसारखे उभे राहणारे गडी, तीन यार्डांपर्यंत पुढे गेलेले चालतात, एनएफएलमध्ये एकच यार्ड. त्यामुळे कॉलेजात धाव आणि फेक यांची सरमिसळ असलेले खेळ खूप चालतात : बचाव धाव अडवायला पुढे सरकतो आणि मागे रिकाम्या जागेत रिसीव्हरला आयता स्लँट, म्हणजे तिरकं आत धावायचा छोटा रूट, मिळतो. ८० झेल बघितले की मी आधी विचारतो, यातले किती सुरुवातीच्या रेषेच्या मागे किंवा जेमतेम पुढे झेलले? ते वजा करा आणि मग उरतं ते बघा.

सीमारेषेजवळच्या झेलाला कॉलेजात एक पाऊल आत पुरतं, एनएफएलमध्ये दोन लागतात. म्हणून कॉलेजच्या फिल्ममध्ये मला तो मुलगा आवडतो जो गरज नसताना दुसरं पाऊलही आत ओढून घेतो. त्याला कुणीतरी पुढचं शिकवलेलं असतं, किंवा तो स्वतःच पुढचा विचार करत असतो.

वय विसरू नका. २३ वर्षांच्या मुलाने १९ वर्षांच्या कॉर्नरबॅकना धुतलं तर त्यात नवल कमी. जमार चेसने २०१९ साली १,७८० यार्ड आणि २० टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) केले तेव्हा तो १९ वर्षांचा होता. आणि समोर कोण होतं हेही बघा. १३ जानेवारी २०२० च्या अजिंक्यपदाच्या सामन्यात त्याच्यासमोर क्लेमसनचा ए. जे. टेरेल होता, जो त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये १६ व्या क्रमांकावर गेला. त्या रात्री चेसने २२१ यार्ड केले. दुबळ्या संघासमोरच्या तीन सामन्यांपेक्षा असा एक सामना जास्त सांगतो.

चेस आमच्या सिनसिनाटीचा, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो. २०२१ साली बेंगल्सची, म्हणजे आमच्या गावच्या संघाची, पाळी पाचवी होती. क्वार्टरबॅक जो बरोचा गुडघा नोव्हेंबरमध्ये निकामी झाला होता, म्हणून गावातले अनेक जण म्हणत होते की त्याच्या रक्षणासाठी पेनी स्यूएल हा लाइनमन घ्या. मीही त्याच बाजूचा होतो. संघाने चेसला घेतलं. ऑगस्टच्या सराव सामन्यांत त्याच्या हातून चेंडू सुटायला लागले आणि आमच्याकडे चर्चेला ऊत आला. चेसने कारण सांगितलं : कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या चेंडूवर नसतात, त्यामुळे चेंडू येताना दिसायला वेळ लागतो. लोकांना ही नुसती सबब वाटली. मला ते पटलं, कारण मी त्याचे सुटलेले चेंडू बघितले होते आणि त्यात हात कुठेच छातीशी चिकटलेले नव्हते. डोळे अजून सरावले नव्हते एवढंच. १२ सप्टेंबरला हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याने मिनेसोटाविरुद्ध १०१ यार्ड केले, आणि वर्षाअखेर १,४५५. स्यूएलही डेट्रॉइटला जाऊन थोर खेळाडू झाला, त्यामुळे त्या वेळचं माझं मत अगदीच टाकाऊ होतं असं मी मानत नाही. पण २ जानेवारी २०२२ ला कॅन्सस सिटीविरुद्ध चेसने एकाच सामन्यात २६६ यार्ड केले तेव्हा आमच्या घरात सगळे उभे राहून बघत होते.

प्रश्न : सडपातळ रिसीव्हर एनएफएलमध्ये टिकतो का? (एक वाचक, नागपूर)

टिकतो, जर तो हाताला लागतच नसेल तर. डेव्हाँटा स्मिथचं वजन ड्राफ्टआधी १६६ पौंड, म्हणजे सुमारे ७५ किलो भरलं. त्याआधीच्या हंगामात अलाबामाकडून १,८५६ यार्ड करून त्याने हाइसमन हे कॉलेज फुटबॉलचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं होतं. फिलाडेल्फियाने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं, आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, ४६ यार्डांचा टचडाउन त्याच्याच नावावर आहे. सडपातळ मुलाची फिल्म बघताना प्रेसचे प्रसंग दुप्पट काळजीने बघावेत. त्याला धरता आलं तर वजन आड येतं. स्मिथला कॉलेजात फारसं कुणाला धरता आलं नाही.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, टेक्ससमध्ये हायस्कूल संघात रिसीव्हर आहे. ४० यार्ड तो ४.७ सेकंदांत धावतो. एका खासगी प्रशिक्षकाने सांगितलं की ४.५ च्या खाली आला नाही तर पुढे त्याला कुणी विचारणार नाही, आणि त्यासाठी महागडं शिक्षण घ्या. आम्ही दोघेही सोलापूरचे, आम्हाला यातलं काही कळत नाही. मुलगा रात्री झोपत नाही. काय करावं? (एक आई)

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आधी हे सांगतो की १६ व्या वर्षी ४.७ ही धाव काळजी करावी अशी मुळीच नाही, आणि हाताने घड्याळ दाबून मोजलेल्या वेळेवर तर काही ठरवूच नये. बोट जरा लवकर दाबलं की मुलगा जलद होतो, उशिरा दाबलं की संथ.

दर वर्षी इंडियानापोलिसला ड्राफ्टआधी खेळाडूंची मोजमापं आणि चाचण्या होतात. त्याला कम्बाइन म्हणतात. तिथे ही ४० यार्डांची धाव हात जमिनीला टेकवून सुरू होते. रिसीव्हर सामन्यात कधी हात टेकवून उभा राहत नाही, आणि सरळ ४० यार्ड कुणी अडवल्याशिवाय धावायलाही त्याला क्वचित मिळतं. वेगाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. पण २०१७ सालचं आमच्या गावचं उदाहरण ऐका.

त्या वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठाचा जॉन रॉस ४.२२ सेकंदांत धावला. तो कम्बाइनचा विक्रम होता, २०२४ साली झेवियर वर्दी ४.२१ मध्ये धावेपर्यंत टिकला. बेंगल्सने रॉसला नवव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नाही. दुखापतींनी त्याला फार छळलं, कॉलेजातही त्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे सगळा दोष त्याच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. चार हंगामांनंतर तो सिनसिनाटी सोडून गेला.

त्याच ड्राफ्टमध्ये कूपर कप नावाचा मुलगा होता. ईस्टर्न वॉशिंग्टन हे त्याचं विद्यापीठ मोठ्या संघांच्या पातळीवर खेळतही नाही. ४० यार्डांना त्याला ४.६२ सेकंद लागले. पण त्याने कॉलेजात ४२८ झेल आणि ६,४६४ यार्ड केले होते, आणि त्याचे रूट बघितले की कळायचं, थांबताना आणि निघताना हा मुलगा एक पाऊलही वाया घालवत नाही. तो ६९ व्या क्रमांकावर लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे गेला. २०२१ च्या हंगामात झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत तो एनएफएलमध्ये पहिला आला : १४५, १,९४७ आणि १६. आणि १३ फेब्रुवारी २०२२ ला सुपर बोलमध्ये शेवटचं दीड मिनिट उरलं असताना विजयाचा टचडाउन त्याने केला, तो आमच्या बेंगल्सविरुद्ध. २३-२०. त्या रात्री मी बराच वेळ टीव्हीसमोर बसून राहिलो. २०१७ च्या त्या रात्री रॉसचं नाव पुकारल्यावर मी टाळ्या वाजवल्या होत्या, हे राहून राहून आठवत होतं.

मुलाला जेरी राइसबद्दलही सांगा. त्याचे वडील मिसिसिपीत गवंडी होते. उन्हाळ्यात तो त्यांच्या हाताखाली राबायचा, भाऊ खालून विटा फेकायचे आणि तो वर झेलायचा. छोट्या मिसिसिपी व्हॅली स्टेटमधून तो १९८५ साली १६ व्या क्रमांकावर सॅन फ्रान्सिस्कोकडे गेला. त्याच्या आधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते, त्यांतला एक, एडी ब्राऊन, आमच्याच सिनसिनाटीने घेतला होता. ब्राऊन चांगला निघाला. राइसने कारकिर्दीत २२,८९५ यार्ड केले, आणि तो विक्रम अजून कुणाच्या हाताला लागलेला नाही.

तेव्हा ते महागडं शिक्षण आत्ता घेऊ नका. धावण्याचा सराव शाळेच्या ट्रॅकच्या संघात होतो, त्यात त्याला घाला. १६ वर्षांचं शरीर अजून वाढतंय, पुढच्या दोन वर्षांत वेळ आपोआपही उतरेल. घरच्या अंगणात पाच यार्डांवर दोन चपला ठेवा आणि त्याला त्यांच्यापर्यंत जोरात धावून दोन पावलांत थांबायला सांगा. एक दिवस डाव्या पायावर, एक दिवस उजव्या. तुमच्यापैकी कुणी तरी मोबाइलवर बाजूने चित्रण करा आणि त्याला स्वतःलाच बघू द्या : थांबायच्या आधी छाती वर येते का. मग त्याला तुमच्याकडे पाठ करून उभा करा, टेनिसचा चेंडू फेका आणि चेंडू हातातून सुटल्यावरच त्याचं नाव घेऊन हाक मारा. वळून, शोधून, हात लांब करून झेलायचा. रोज पन्नास. याला पैसे लागत नाहीत, आणि आईने फेकलेला चेंडूही चालतो. तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा, आणि जमलं तर ते चित्रणही पाठवा. मी त्याच्या कमरेकडे बघून उत्तर देईन.